उरलेली तीन पिल्ले

आपल्याकडे गॅलरीतल्या पिंजऱ्यात जे चिमुकले, लांब शेपटीचे, दिवसभर किलबिलणारे पक्षी असतात त्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणण्याची पद्धत आहे. बहुतेक वेळा ते लव्हबर्ड नसतातच. ते असतात बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियातले. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. शेपूट आखूड, अंग भरलेले, चोच जाड आणि स्वभाव नावाच्या मानाने बराच भांडखोर. ‘अगापोर्निस’ हे त्याचे शास्त्रीय नाव प्रेम आणि पक्षी या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून केलेले आहे. जोडी जमली की दोघे तासन् तास एकमेकांना खेटून बसतात म्हणून. त्याच्या एकूण नऊ जाती. आठ आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर, नववी मादागास्कर बेटावर. आपल्या बाजारात मुख्यतः दोन दिसतात. एक गुलाबी चेहऱ्याचा, अंगोला-नामिबियाच्या कोरड्या प्रदेशातला. दुसरा फिशर, उत्तर टांझानियातला. याचे तोंड नारिंगी आणि डोळ्यांभोवती पांढरे कडे. दोघांचेही अंग मुळात हिरवे.

हिरवे, हे मुद्दाम सांगावे लागते. कारण आज पक्षी विकणाऱ्याकडे गेलात तर निळा, पिवळा, पांढरा, जांभळट, राखाडी असे लव्हबर्ड आधी दाखवले जातात आणि हिरव्याचा पिंजरा मागे कुठेतरी असतो. किंमत पक्ष्याची नसते, रंगाची असते. आकार तोच, आवाज तोच, खाणे तेच. पण दुर्मीळ रंगाच्या जोडीला साध्या हिरव्या जोडीच्या कितीतरी पट भाव मिळतो. आणि म्हणूनच अलीकडे अनेक घरांत, गच्चीवर किंवा मागच्या खोलीत, रंगांची पैदास करण्याचा छंद सुरू झाला आहे. कुठे कॉलेजात जाणारा मुलगा करतो, कुठे निवृत्त गृहस्थ. छंद म्हणून सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत त्याला जोडधंद्याचे रूप येते. बँकेत असताना जोडधंद्याची अनेक कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून गेली, त्यामुळे असला हिशेब दिसला की तो तळापर्यंत वाचायची सवय लागून गेली आहे. या रंगांचा हिशेबही तसा वाचून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. पोपटाच्या पिसात हिरवे रंगद्रव्य मुळी नसतेच. त्याच्या पिसाच्या तंतूत अतिसूक्ष्म अशी एक जाळीदार रचना असते. ती प्रकाशातला निळा भाग परत फेकते. तिच्या मागे मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य असते, ते बाकीचा प्रकाश शोषून घेते. आणि वरच्या थरात असते पिवळे रंगद्रव्य. निळ्यावर पिवळा पडला की आपल्या डोळ्यांना हिरवा दिसतो. शाळेच्या रंगपेटीत होते तसेच. हे पिवळे द्रव्य पोपट आपल्या शरीरातच तयार करतो, खाण्यातून घेत नाही. बजरीगरांवरच्या एका संशोधनात २०१७ साली असे दिसून आले की ते तयार करणाऱ्या प्रथिनात केवळ एका ठिकाणी बदल झाला, तरी पिवळे बनणे थांबते आणि पक्षी निळा होतो.

म्हणजे निळा लव्हबर्ड हा काही मिळवलेला पक्षी नव्हे, त्याचे पिवळे हरवले आहे. पिवळा, ज्याला लुटिनो म्हणतात, त्याचे काळे हरवले आहे. म्हणून त्याचे डोळेही लाल दिसतात. पिवळे आणि काळे दोन्ही हरवले की उरतो पांढरा, अल्बिनो. काही बदलांत पिवळे पूर्ण जात नाही, अर्धवट जाते आणि समुद्राच्या पाण्यासारखा रंग येतो. काही बदल द्रव्याला हात लावत नाहीत, पिसाची रचनाच बदलतात. मग हिरव्याचा गडद हिरवा होतो, निळ्याचा गडद निळा. बाजारात रंगांची यादी लांबलचक असली तरी तिच्यातल्या बहुतेक नोंदी वजाबाकीच्या आहेत. गंमत अशी की, वजाबाकी जितकी जास्त तितकी किंमतही बहुधा जास्त.

हे बदल माणसाने घडवलेले नाहीत. निसर्गात असे अपघात अधूनमधून होतच असतात. काळ्या तोंडाच्या लव्हबर्डमधला पहिला निळा पक्षी १९२७ साली टांगानिकातून, म्हणजे आजच्या टांझानियातून, पकडून आणलेल्या पक्ष्यांत सापडला आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोचला. गुलाबी चेहऱ्याच्या जातीत समुद्री रंगाची पिल्ले हॉलंडमध्ये १९६३ साली पिंजऱ्यातच निघाली. जंगलात हिरव्या पानांतला एकटा निळा किंवा पिवळा पक्षी ससाण्याच्या नजरेत पटकन भरणार. पिंजऱ्यात ससाणा नसतो, माणूस असतो. आणि त्याला नेमका तोच हवा असतो. जो अपघात जंगलात बहुधा पुसला गेला असता, तो पिंजऱ्यात जपला जातो, वाढवला जातो. यात मुळात वाईट काही नाही. आपला हापूस तरी काय, कुणाला तरी आवडलेल्या एका झाडाची कलमे करीत करीतच आपल्या ताटात आला.

पाळणाऱ्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. एकेकाळी हे पक्षी घरी पैदा होत नसत, जंगलातून जाळी लावून धरले जात. आज झांबिया देशाच्या एका छोट्या टापूत उरलेला काळ्या गालांचा लव्हबर्ड १९२९ साली अवघ्या चार आठवड्यांत सोळा हजारांच्या संख्येने पकडला गेल्याची नोंद आहे. ती जात त्या धक्क्यातून अजून पुरती सावरलेली नाही. फिशरही १९८०च्या दशकात जंगलातून इतका उपसला गेला की टांझानियाला निर्यात थांबवावी लागली. युरोपने २००७ साली जंगलातून धरलेल्या पक्ष्यांची आयात कायमची बंद केली. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी विकत मिळतो म्हणून जंगलातला वाचतो, हा पाळणाऱ्यांचा दावा अगदीच पोकळ नाही.

आता हिशेब. निळा रंग हा अप्रकट गुण आहे. आई आणि वडील दोघांकडून तो आला तरच पिल्लू निळे होते. एकाकडून आला तर पिल्लू दिसायला हिरवे, पण पोटात निळा घेऊन फिरणारे. पाळणारे अशा पक्ष्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. दोन स्प्लिटांची जोडी लावली तर सरासरीने चार पिल्लांमागे एक निळे, दोन स्प्लिट आणि एक निखळ हिरवे. मेंडेल नावाच्या धर्मगुरूने मठाच्या बागेत वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ साली जे छापले, तेच हे गणित. दहावीच्या पुस्तकात ते आपण सर्वांनी पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. पण ज्या मुलाला जीवशास्त्रात जेमतेम गुण मिळाले तो गच्चीवरच्या पिंजऱ्यापुढे उभा राहून हे कोष्टक तोंडपाठ सांगतो. शिवाय सांगतो की पक्ष्यांत माणसाच्या उलट असते, पिल्लू नर की मादी हे आईकडून ठरते. त्यामुळे गुलाबी चेहऱ्याच्या जातीत स्प्लिट नर आणि साधी हिरवी मादी यांच्या पोटी जन्मलेले प्रत्येक पिवळे पिल्लू मादीच असणार. या छंदाने एवढे शिकवले तर ते थोडे नाही.

मात्र कोष्टकातली सरासरी म्हणजे हमी नव्हे. नाणे चार वेळा उडवून चारही वेळा काटा पडू शकतो. एका वेळी साधारण चार ते सहा अंडी, तीही सगळी फुटतात असे नाही. दोन खेपा झाल्या तरी एकही निळे पिल्लू नाही, असे सहज घडते. आणि घडले नाही तरी प्रश्न उरतोच. चारांतले एक हवे होते. उरलेल्या तिघांचे काय?

जाहिरातीत ती तीन पिल्ले नसतात. छायाचित्र असते ते चौथ्याचे. तिघांतली दोन स्प्लिट आणि एक निखळ हिरवे, पण कोणते कोणते हे पाहून कुणालाच सांगता येत नाही. मग तिन्ही ‘स्प्लिट’ म्हणून थोड्या चढ्या भावाने विकली जातात, किंवा तिन्ही घाऊक व्यापाऱ्याला स्वस्तात दिली जातात. बँकेच्या भाषेत बोलायचे तर स्प्लिट पक्षी घेणे म्हणजे न दिसणाऱ्या तारणावर कर्ज देणे. सगळा व्यवहार विकणाऱ्याच्या शब्दावर. तारण खरे होते की नाही हे दीड-दोन वर्षांनी, पिल्लांना पिसे फुटल्यावर कळते. तोवर विकणाऱ्याचा फोन नंबर बदललेला असतो. घाऊक व्यापाऱ्याकडे गेलेली पिल्ले एका पिंजऱ्यात दाटीवाटीने बसून मंडईत, जत्रेत, रस्त्याच्या कडेला जातात. नीट सांभाळला तर हा पक्षी दहा-पंधरा वर्षे जगतो. त्या तिघांतले किती जण दहा-पंधरा वर्षे जगत असतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

काही जण उरलेली पिल्ले ‘सोडून देतात’ आणि पुण्य केल्याच्या भावनेने खाली येतात. पिंजऱ्यात जन्मलेल्या या पक्ष्याला आपल्या हवेत काय खायचे, कुठे निजायचे हे ठाऊक नसते. बहुतेकांचा निकाल कावळे आणि मांजरे लावतात. जिथे हवा मानवते तिथे उलटा घोटाळा होतो. केनियातल्या नैवाशा सरोवराच्या काठी पिंजऱ्यातून सुटलेल्या दोन जातींचा असा संकर झाला आहे की धड ही जात नाही, धड ती नाही. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात १९८०च्या दशकापासून गुलाबी चेहऱ्याचे आफ्रिकन पक्षी मोकळे नांदत आहेत. सोडणे हा जबाबदारीतून सुटण्याचा मार्ग आहे. पक्ष्याच्या सुटकेचा नव्हे.

हिशेबातली दुसरी बाजू मादीची. अंडी ती घालते, तेवीस-एक दिवस बहुतेक वेळ तीच उबवते, पिल्ले घरट्याबाहेर यायला पुढे सहा आठवडे. जाणते पाळणारे मादी वर्षाची झाल्याशिवाय जोड लावत नाहीत, वर्षातून दोन खेपांनंतर घरटे काढून घेतात, समुद्रफेस आणि हिरवा पाला कमी पडू देत नाहीत. पण रंग दुर्मीळ असला, भाव चढा असला की घाई होते. पहिल्या खेपेची अंडी उचलून दुसऱ्या, साध्या जोडीखाली ठेवायची म्हणजे ही लगेच पुन्हा अंडी घालते. कॅल्शियम कमी पडलेल्या मादीचे अंडे पोटात अडकते आणि वेळेवर उपाय झाला नाही तर ती एका रात्रीत जाते. आणि ज्या साध्या हिरव्या जोडीखाली ती मौल्यवान अंडी ठेवलेली असतात, ती बिचारी दुसऱ्यांची किमती लेकरे आपली समजून वाढवते. भावाच्या यादीत तिचा नंबर सर्वांत खाली.

रंग पक्का करण्यासाठी आणखी एक जवळची वाट असते : भावाला बहीण, बापाला लेक. अशा दोन-चार पिढ्यांनंतर पिल्ले लहान, अशक्त, अंडी वांझ. म्हणून चांगले पाळणारे दर काही पिढ्यांनी रंगीत पक्ष्याची जोड पुन्हा सशक्त हिरव्याशी लावतात, तेव्हा कुठे अंग भरते. हे मला फार बोलके वाटते. हिरवा हे मुद्दल आहे, रंग हे त्यावरचे व्याज. मुद्दलच मोडून व्याज खाणाऱ्याचे काय होते, हे सांगायला बँकेचा अधिकारी लागत नाही.

दुसरी वाट संकराची. एका जातीत निघालेला रंग दुसऱ्या जातीत न्यायचा तर दोन जातींची जोड लावावी लागते, आणि असे अनेक रंग इकडून तिकडे गेले आहेत. या संदर्भात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे विल्यम डिल्गर यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेले एक निरीक्षण वाचण्यासारखे आहे. गुलाबी चेहऱ्याची मादी घरट्यासाठी सालीच्या पट्ट्या कापते आणि त्या पाठीच्या पिसांत खोचून नेते. फिशरची मादी एकेक पट्टी चोचीत धरून नेते. डिल्गर यांनी दोघांचा संकर केला. संकरित मादी पट्टी कापी, पाठीत खोचायला वळे, पण खोचता येईना. पट्टी गळून पडे. चोचीत धरून नेणे तिला हळूहळू जमू लागले, त्यालाही सुमारे तीन वर्षे लागली. आणि जमल्यावरसुद्धा ती निघण्यापूर्वी मान मागे वळवीतच राहिली. पिसांचे रंग बदलताना आपण नुसती पिसे बदलत नसतो, हे त्या मान वळवण्यात दिसते.

आता पैशाचे. सोने अंडी घालत नाही, म्हणून त्याचा भाव टिकतो. दुर्मीळ रंगाचा पक्षी मात्र अंडी घालतो आणि स्वतःचा दुर्मीळपणा स्वतःच संपवतो. आज दहा जणांकडे असलेला रंग चार-पाच वर्षांत हजार जणांकडे होतो. मधल्या काळात चढ्या भावाने घेणारा कोण असतो? घरात पक्षी हवा म्हणून घेणारे कुटुंब क्वचित. बहुधा घेणारा हा दुसरा पैदास करणाराच असतो आणि तोही पुढच्या पैदास करणाऱ्याला विकायच्या आशेवर घेतो. ही साखळी आपण पाहिलेली आहे. तामिळनाडूत इमूपालनाच्या योजना २०१२ साली अशाच कोसळल्या. सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांनी कडकनाथ कोंबडीत घातलेले पैसे २०१९ साली असेच अडकले. लव्हबर्डच्या धंद्यात एवढी मोठी फसवणूक आहे असे माझे म्हणणे नाही. बहुतेक पाळणारे सरळ माणसे आहेत. पण साखळीतला शेवटचा माणूस नेहमी निवृत्तीचा फंड हातात आलेला गृहस्थ किंवा नोकरी न मिळालेला मुलगा असतो, हे मात्र सगळीकडे सारखे. त्याने हा धंदा ‘घरबसल्या पेन्शन’ समजून करू नये. छंद म्हणून करावा आणि छंदाला जसा खर्च येतो तसा तो येणार हे धरून चालावे.

कायदाही आता पूर्वीइतका गप्प नाही. आपले देशी पोपट, म्हणजे राघू, पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे अजूनही अनेकांना सांगावे लागते. परदेशी पक्षी बराच काळ या चौकटीबाहेर होते. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. आंतरराष्ट्रीय करारातल्या ज्या परदेशी जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत, त्या बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करावी आणि जन्म झाला तर तोही कळवावा, असे त्यात आहे. गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड २००५ साली त्या करारातून वगळला गेला. फिशर अजून आहे. अनेकांना ही नोंदणी कटकट वाटते. मला ती या छंदाला लागलेली पहिली चांगली सवय वाटते. कारण जन्म नोंदवायचा म्हटले की चारही पिल्लांचा नोंदवावा लागतो, एका निळ्याचा नव्हे.

पिंजरा असावाच की नसावा, हा मोठा वाद आहे आणि तो एका रविवारी मिटणारा नाही. ज्यांच्या घरी पिंजरा आहे त्यांनी निदान इतके करावे. जोड लावण्यापूर्वी चारही पिल्लांची सोय मनात ठरलेली असावी. विकताना आईबापांची माहिती लेखी द्यावी, आणि जे माहीत नाही ते ‘स्प्लिट’ म्हणून खपवू नये. मादीला विश्रांती द्यावी. सख्ख्यांची जोड लावू नये. आणि उडायला पुरेल एवढी जागा नसेल, तर पक्षी कितीही सुंदर असो, आणू नये.

विकत घेणाऱ्यांच्या हातातही एक गोष्ट आहे. परीक्षेच्या निकालानंतर किंवा वाढदिवसाला मुले हट्ट धरतात, आईवडील पक्ष्यांच्या दुकानात जातात, मुलगी निळ्या पिल्लासमोर खिळून उभी राहते. अशा वेळी भाव करण्याआधी दुकानदाराला एवढेच विचारावे : याची भावंडे कुठे आहेत? तो मागच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवील, किंवा नुसता हसेल. पुढे काय करायचे ते त्या उत्तरावरून ठरवावे. आणि मागच्या पिंजऱ्यात हिरवे पिल्लू असेलच, तर मुलीला तेही एकदा जवळून पाहू द्यावे. त्याच्या रंगातून अजून काहीच वजा झालेले नाही.